चावी हातात, गाडी दारात

“ताई, येताना माझं लग्नाचं सर्टिफिकेट घेऊन ये. बाबांच्या कपाटात निळ्या फायलीत एक जादा प्रत असेल.” २०२३ च्या एप्रिलमध्ये धाकट्या बहिणीचा अमेरिकेतून असा फोन आला आणि माझ्या काळजात चर्र झालं. लग्नाला सोळा वर्षं झालेली बाई एकदम लग्नाचं सर्टिफिकेट मागू लागली, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल? माझा आवाज बदलल्याचं तिच्या लक्षात आलं असावं. “अगं, तसलं काही नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढायचंय,” ती म्हणाली. लग्नाच्या दाखल्याचा आणि गाडी चालवण्याचा संबंध काय, हे मला तिथे जाऊन बघेपर्यंत कळलं नाही.

मे महिन्यात सुट्टी लागताच आईला घेऊन मी दोन महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. गोल्डन गेट पूल पाहिला, समुद्र पाहिला, सगळं पाहिलं. पण अमेरिकेत काय बघितलंस, असं कोणी विचारलं की मला पहिल्यांदा आठवतं ते धाकटीचं लायसन्स.

तिला गाडी शिकवली ती बाबांनी, टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, आमच्या जुन्या फियाटवर. मीही तेव्हाच शिकले, लायसन्सही काढलं, पण माझी मजल पुढे ॲक्टिव्हापर्यंतच राहिली. चारचाकी मी वर्षातून चार-पाचदा बाहेर काढते, तीही रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना. धाकटी मात्र चौथ्या दिवशीच अशी चालवू लागली की बाबा शेजारी बसून पेपर वाचायचे.

२००७ मध्ये लग्न होऊन ती ब्रिटनला गेली, लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंग शहरात. तिथे भारतीय लायसन्सवर पहिले १२ महिने गाडी चालवता येते. ऑस्ट्रेलिया, जपान अशा काही देशांचं लायसन्स ब्रिटनमध्ये बदलून मिळतं, आपलं मिळत नाही. वर्ष संपलं की गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावून पुन्हा शिकाऊ व्हायचं. ब्रिटनची परीक्षा १९३५ पासून सक्तीची आहे आणि त्या लोकांनी तिला चांगलीच धार लावत आणली आहे. आधी संगणकावर ५० प्रश्न, त्यांतले ४३ बरोबर हवेत. मग रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात आणि पुढचा धोका ओळखू आला रे आला की बटण दाबायला सांगतात. त्यानंतर चाळीसेक मिनिटं परीक्षक शेजारी बसतो. बारीकसारीक चुका पंधरापर्यंत माफ, सोळावी झाली की नापास. गंभीर चूक मात्र एकच पुरे. धाकटी पहिल्यांदा नापास झाली आणि २००९ मध्ये दुसऱ्या खेपेला पास झाली.

त्यानंतरची १४ वर्षं ती त्या देशात पाण्यातल्या मासोळीसारखी हिंडली. रेडिंगपासून तासाभरावर स्विंडन नावाचं गाव आहे. आपले कितीतरी गोवेकर पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला जाऊन या गावात स्थिरावलेत, त्यामुळे आपल्या भागातल्या वाचकांना हे नाव अनोळखी नसेल. तिथे १९७२ मध्ये बांधलेला ‘मॅजिक राउंडअबाउट’ आहे. एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं, प्रत्येकाला आपापला फेरा, आणि मधल्या वर्तुळाभोवती गाड्या उलट्या दिशेने फिरतात. नवखा माणूस लांबूनच हात जोडतो. धाकटी मात्र तिथल्या एका गोव्याच्या मैत्रिणीकडे सणासुदीला जायची ती यातूनच, मागच्या सीटवर पुरणपोळ्यांचा डबा ठेवून.

२०२३ च्या जानेवारीत मेहुण्यांना कंपनीने कॅलिफोर्नियात पाठवलं. मार्चमध्ये ही आणि भाची तिथे पोचल्या, आणि १४ वर्षांचं ते गुलाबी ब्रिटिश लायसन्स पर्समधल्या शोभेच्या वस्तूंत जमा झालं.

अमेरिकेत अख्ख्या देशाचं असं लायसन्सच नाही. ५० राज्यं, प्रत्येकाचं लायसन्स वेगळं, नियम वेगळे. फिरायला म्हणून एका राज्याचं दुसऱ्यात चालतं, पण बिऱ्हाड हलवलं की नवं काढायचं. आपल्याकडे याच्या उलट आहे. बेळगावात काढलेलं लायसन्स कोल्हापुरात चालतं, पणजीत चालतं, थेट काश्मीरपर्यंत चालतं. अडते ती गाडी. केए-२२ ची पाटी घेऊन दुसऱ्या राज्यात वर्षाहून जास्त राहिलं की नव्याने नोंदणी करावी लागते, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. काही अमेरिकी राज्यांचे जर्मनी, फ्रान्स, दक्षिण कोरिया अशा देशांशी अदलाबदलीचे करार आहेत. कॅलिफोर्नियात मात्र ब्रिटिश लायसन्सवाल्याला लेखी परीक्षाही द्यावी लागते आणि रस्त्यावरचीही. शिवाय तिथे कायम राहायला आल्यापासून १० दिवसांत लायसन्ससाठी अर्ज केला पाहिजे, असा नियम.

आता दहा दिवसांत अर्ज करायचा तर पत्त्याचे पुरावे हवेत. घराचा करार मेहुण्यांच्या नावावर, विजेचं बिल मेहुण्यांच्या नावावर. मग ही बाई त्या घरात राहते हे सिद्ध कसं करायचं? मेहुण्यांची बायको आहे हे दाखवून. म्हणून लग्नाचा दाखला! तो असलेली फाइल चुकून ब्रिटनहून निघालेल्या सामानाच्या खोक्यात गेलेली आणि खोकी बोटीवर. बाबांना प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढून ठेवायची सवय होती. आम्ही त्यांना त्यावरून हसायचो. बाबा जाऊन चार वर्षं झाल्यावर त्यांनी ठेवलेली ती प्रत मी विमानात मांडीवरच्या पिशवीत घेऊन गेले, कुंद्याच्या डब्याशेजारी.

धाकटीचं घर सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात. घरं सुरेख, रस्ते रुंद, झाडं शिस्तीत आणि माणूस दिसेल तर शपथ. सकाळी आई आणि मी फिरायला निघालो की कुत्रा घेऊन चाललेलं एखादं माणूस भेटायचं, तेही हसून पुढे जायचं. दुधाचं दुकान दोन मैलांवर. भाचीची शाळा त्याच्याही पुढे. बस म्हणाल तर तासाला एक, आणि तिचा थांबाही वीस मिनिटांच्या चालीवर. रेडिंगमध्ये शाळा, भाजी, नोकरी, गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला चार मैत्रिणींना घेऊन जाणं, हे सगळं करणारी माझी बहीण इथे सकाळी दारात उभी राहून नवऱ्याला सांगायची, “येताना दूध आणा, कोथिंबीर मिळाली तर बघा.” भाचीला एक शेजारीण शाळेत सोडायची. तिचे उपकार नकोत म्हणून धाकटी दर शुक्रवारी तिला काहीतरी करून द्यायची, एकदा बटाटेवडे, एकदा शंकरपाळी. आई म्हणाली, “एवढी वर्षं परदेशात राहून शेवटी ही आमच्यासारखीच झाली की, कुणी नेलं तर जायचं.” आईला वाटलं, धाकटी आत आहे. ती बाहेरच उभी होती.

दाखला मिळाल्यावर आम्ही सगळेच त्या सरकारी कचेरीत गेलो. टोकन घ्यायचं, पडद्यावर नंबर येईपर्यंत बसायचं. खिडकीतल्या बाईंनी बेळगावचा दाखला उलटून पालटून पाहिला, वरच्या कन्नड अक्षरांवर बोट ठेवून हे कुठलं लिखाण म्हणून विचारलं, मग खालचं इंग्रजी वाचून शिक्का मारला. डोळ्यांची तपासणी, अंगठा, फोटो. लेखी परीक्षेत ३६ प्रश्न, ३० बरोबर हवेत. धाकटीचे ३३ आले. चुकलेले तिन्ही प्रश्न ब्रिटनमध्ये बरोबर ठरले असते, असं ती घरी येईपर्यंत सांगत होती.

त्या नियमांच्या पुस्तकानेच आमची दोन संध्याकाळची करमणूक केली होती. लाल दिवा असताना पूर्ण थांबायचं, मोकळं असेल आणि मनाई करणारी पाटी नसेल तर उजवीकडे वळून निघून जायचं. ब्रिटनमध्ये लाल म्हणजे लाल. ही सवलत अमेरिकेत सर्वत्र पसरली ती १९७३ च्या तेलटंचाईनंतर, दिव्यापाशी उभ्या गाड्यांचं पेट्रोल वाचावं म्हणून. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने राज्यांना तसं करायला भाग पाडलं. मुलांची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत थांबली की साध्या दोनपदरी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबतात. हा नियम मला फार आवडला. आपल्याकडे शाळेची रिक्षा थांबली की मागचा हॉर्न वाजवतो.

आणि चौकात चारी बाजूंना ‘थांबा’ची पाटी. दिवा नाही, पोलीस नाही, ब्रिटनसारखं वर्तुळही नाही. जो आधी येऊन थांबेल तो आधी जाईल, दोघे एकदम आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. हे वाचायला सोपं आहे.

लेखी परीक्षा झाल्यावर धाकटीला एक कागद मिळाला. त्यावर गाडी चालवायची मुभा होती, पण शेजारी कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेला प्रौढ माणूस बसलेला हवा. आणि आता गंमत बघा. मी पर्यटक. पर्यटकाला त्याच्या देशाचं चालू लायसन्स असेल तर त्याच्यावर कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते. म्हणजे कायद्याने, जिला टिळकवाडीतून खडेबाजारापर्यंत गाडी नेताना घाम फुटतो ती मी त्या आठपदरी रस्त्यावर एकटी जाऊ शकत होते, आणि स्विंडनचं चक्रव्यूह भेदणारी माझी बहीण जाऊ शकत नव्हती. ही गंमत मीच शोधून काढली आणि जेवताना सांगितली. सगळे हसले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मेहुणे तीन दिवसांसाठी सिॲटलला गेले होते. रात्री साडेअकराला आईचा घोळणा फुटला. डोकं मागे करू नको, नाक चिमटीत धर, बर्फ लाव, सगळं केलं. अर्धा तास झाला तरी रक्त थांबेना. बीपी मोजलं तर वरचा आकडा दोनशेच्या जवळ. ॲम्ब्युलन्स बोलवावी तर आई ऐकेना, तिथल्या बिलांच्या कथा तिने ऐकलेल्या. दवाखाना सहा मिनिटांच्या अंतरावर. गाडी दारात उभी. धाकटीने चावी घेतली, दार उघडलं आणि ती पायरीवरच थांबली.

मी म्हटलं, “चल ना.” ती हलली नाही. मी पुन्हा म्हटलं. “पकडलं तर, ताई? कुणाला लागलं तर? विमा देणार नाही. यांच्या व्हिसाचं काही झालं तर?” आणि मग माझ्याकडे न बघता, “तू चालवतेस? तुला चालतं.”

मला चालत होतं. कायद्याने. मी चावीकडे हात केला नाही.

फोनवरून टॅक्सी बोलावली. ती यायला सतरा मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होते म्हणून सांगते. आई मांडीवर टॉवेल घेऊन शांत बसली होती, धाकटी चावी मुठीत धरून उभी. दवाखान्यात त्यांनी नाकात बोळा घातला, गोळी दिली, दोन तास ठेवून घेतलं आणि सोडलं. निभावलं. परत येताना टॅक्सीत धाकटी रडली. आई म्हणाली, “अगं, मी बरी आहे आता.” धाकटी आईसाठी रडत नव्हती, हे आईलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने शिकवणी लावली. इतके दिवस मेहुणे शेजारी बसून शिकवत होते. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये, हे जगात सगळीकडे सारखंच. आलेल्या बाई मूळच्या फिजी बेटांवरच्या. त्यांचे पूर्वज ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेले, बोली पूर्वेकडच्या हिंदीच्या वळणाची. फिजीतही गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे धाकटीची अडचण त्यांना सांगावी लागली नाही. त्यांनी तिच्या डाव्या मनगटात लाल रबर घातलं आणि म्हणाल्या, हा हात कायम रस्त्याच्या मध्याकडे.

डावी-उजवी हा प्रकार आपण समजतो तितका वरवरचा नसतो. पोर्तुगालने १९२८ मध्ये आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, पण गोवा डावीकडेच ठेवला, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थानात सगळं डावीकडून चालायचं. नाहीतर बेळगावहून घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला सरहद्दीवर बाजू बदलावी लागली असती. राज्यकर्त्यांनाही जे जड वाटलं ते एका बाईने चाळिशीत तीन महिन्यांत करायचं होतं. मी मागच्या सीटवरून बघायची. गिअर बदलायला तिचा डावा हात दारावर आपटायचा. गिअर तिथे नव्हता, आणि गाडी ऑटोमॅटिक असल्याने बदलायचाही नव्हता. डावा पाय नसलेला क्लच शोधायचा. आरशात बघायचं तर मान आधी चुकीच्या बाजूला.

पण खरी पंचाईत चौकात व्हायची. ब्रिटनमध्ये दुसऱ्याला आधी जाऊ देणं हा तिचा १४ वर्षांचा धर्म. इथे ती आधी येऊन थांबली तरी समोरच्याला हात करून ‘तुम्ही जा’ म्हणायची. समोरचा तिच्या नंबरासाठी थांबलेला. मग दोघेही निघायचे, दोघेही थांबायचे. फिजीच्या बाई कपाळाला हात लावून ओरडायच्या, “तुम्हार नंबर है, जाओ!”

जूनच्या मध्यावर परीक्षा. गाडी आपलीच न्यायची. परीक्षकाने आधी हॉर्न, दिवे, वायपर दाखवायला लावले, मग खिडकीतून हात काढून वळण्याच्या खुणा करायला सांगितल्या. बाबांनी मैदानावर त्या शिकवल्या होत्या, फक्त उजव्या हाताने. वीस मिनिटांत गाडी परत आली. लांबूनच तिच्या खांद्यांवरून कळलं.

चूक एकच होती. उजवीकडे वळताना रस्त्याच्या कडेला सायकलींची लेन होती. कॅलिफोर्नियाचा नियम असा, की वळणाच्या आधी २०० फुटांच्या आत गाडीने त्या लेनमध्ये शिरून मगच वळायचं, म्हणजे कडेने येणारा सायकलवाला गाडी आणि फुटपाथच्या मध्ये चिरडला जात नाही. ब्रिटनमध्ये अखंड पांढऱ्या रेघेने आखलेल्या सायकल लेनमध्ये गाडी घालणं हा गुन्हा. हा नियम धाकटीला माहीत नव्हता असं नाही. लेखी परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि तिने तो बरोबर सोडवला होता. डोक्यात उतरलेलं हातात उतरलं नव्हतं. १४ वर्षांत तिने एकदाही ती रेघ ओलांडली नव्हती, आणि तेवढ्यासाठीच ती नापास झाली. आम्ही मास्तर लोक वर्गात मुलांना ‘चांगल्या सवयी लावून घ्या’ म्हणून सांगत असतो. त्या सोडायला किती जड जातात, ते मी त्या कचेरीच्या पार्किंगमध्ये पाहिलं.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. एका अर्जावर तीनच संधी असतात. या तीन आठवड्यांत तिने रोज संध्याकाळी मेहुण्यांना, ते दमून आलेले असले तरी, शेजारी बसवून त्याच एका कोपऱ्यावरून तीस-तीसदा गाडी वळवली. मेहुण्यांनी चकार शब्द काढला नाही. त्या रात्रीचं त्यांनाही लागलं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुसरी परीक्षा. पंधरापर्यंत चुका चालतात, हिच्या नऊ झाल्या. त्यांतल्या दोन ‘विनाकारण हळू’ म्हणून. मर्यादेपेक्षा दहा मैलांनी हळू चालवलं तर तिथे थेट नापास करतात, हे आपल्याकडे सांगून कुणी विश्वास ठेवणार नाही. हातात तात्पुरता कागद मिळाला. पक्कं कार्ड टपालाने यायचं होतं. विम्याच्या कंपनीने मात्र ब्रिटनमधली १४ वर्षं हिशेबात धरली नाहीत, आणि अठरा वर्षांच्या पोराला लावतात तसा हप्ता लावला. त्यावर धाकटी काही बोलली नाही. त्याच दुपारी ती एकटीच गाडी घेऊन गेली आणि दोन तासांनी आली. कुठे गेली होतीस, विचारलं तर म्हणाली, दूध आणायला. दूध आणायचं ती विसरली होती.

आमचं परतीचं विमान त्याच आठवड्यात होतं. विमानतळावर तिनेच सोडलं. मी पुढे बसले, आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो त्या जागेवर, पाय नसलेल्या ब्रेकवर दाबून. घराबाहेरच्या पहिल्याच चौकात आम्ही थांबलो. समोरून एक मोठी गाडी आमच्यानंतर येऊन थांबली. धाकटीचा हात सवयीने स्टिअरिंगवरून उचलला गेला, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

“जा की गं, नंबर तुझा आहे.”